शंका-समाधान : मुरूम लागेपर्यंत

प्रश्न : माझे वय 34 असून मी चिंचवडला नोकरी करतो. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहे. पण माझा स्वतःचा असा काही विश्वास होता, असे म्हणवत नाही. मे महिन्यात मंडळीच्या आध्यात्मिक शिबिराला गेलो आणि तेथे मन अगदी पेटून उठले. परत आल्यावर वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे ठरवले. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता रोज एक-दोन प्रवचने ऐकू लागलो. दीड महिन्यात सारे ओसरले. वाचन लेवीयच्या पुस्तकात अडकले आणि प्रार्थनेत शब्द सुचेनासे झाले. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी दोन वर्षे बोलणे नाही, त्याचाही अधूनमधून मनस्ताप होतो. आध्यात्मिक जीवनाचा पाया भक्कम कसा घालावा?
– एक वाचक

उत्तर : लेवीयच्या पुस्तकात अडकलेले आपण पहिले नव्हेत. बायबलचे 1,189 अध्याय वर्षाच्या दिवसांत बसवले, तर रोज तीनाहून थोडे अधिक वाट्याला येतात. उत्पत्ती आणि निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचे अनुक्रमे 50 आणि 40 अध्याय संपवून माणूस लेवीयमधल्या पहिल्या महिन्याच्या अखेरीस अर्पणांच्या विधींपाशी येऊन ठेपतो, आणि मोठ्या उमेदीने सुरू झालेली कितीतरी वाचने तेथेच थांबलेली मी पाहिली आहेत (त्यांत माझी स्वतःची दोन). तो भाग तूर्त बाजूला ठेवावा. मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेले येशूचे चरित्र, अवघ्या 16 अध्यायांचे आहे. ते एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानातील 5 ते 7 या तीन अध्यायांवर महिनाभर मुक्काम करावा. भाषा जड वाटत असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवावे.

‘पाया’ हा शब्द आपण वापरलात, म्हणून त्याच अध्यायांच्या शेवटी येणारा दृष्टान्त पाहू. खडकावर घर बांधणारा आणि वाळूवर बांधणारा ही जोडी आपल्याला संडे स्कूलपासून इतकी पाठ असते, की त्यातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते : वचने दोघांनीही ऐकलेली आहेत. पाऊस, पूर आणि वाराही दोघांच्या वाट्याला सारखाच आलेला आहे. ज्याचे घर टिकले त्या खडकावरच्याने ऐकल्याप्रमाणे वागून पाहिले आणि ज्याचे कोसळले त्या वाळूवरच्याने नाही, एवढाच फरक येशू सांगतो. तेव्हा बसमधल्या प्रवचनांची संख्या वाढवून पाया घातला जाईल, असे मला वाटत नाही. उलट ती काही दिवस थांबवलीत तरी चालेल.

लूकने आपल्या शुभवर्तमानात हाच दृष्टान्त देताना त्या माणसाने खोल खणले, अशी नोंद केली आहे. काळ्या मातीच्या मुलखात ज्यांनी घर बांधले, त्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्या या कूस बदलण्याने भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून जाणता गवंडी काळी माती काढून टाकून मुरूम, म्हणजे खालचा कठीण थर, लागेपर्यंत खणत राहतो. त्या दिवसांत जागेवर चर आणि मातीचे ढीग यांखेरीज काही दिसत नाही, आणि काम बंद पडले की काय, असे येणारे-जाणारे विचारतात. शिबिरात आपल्याला जे वाटले ते खोटे नव्हते. परंतु भावनेचा स्वभाव या मातीसारखाच, ऋतूप्रमाणे फुगण्याचा आणि आकसण्याचा असतो. तिच्यात पीक उत्तम येते, भिंत मात्र टिकत नाही.

खणायचे कोठे, ही जागा आपल्या पत्रात आपणच दाखवली आहे, तीही एका वाक्यात, जाता जाता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे आठवते. तेव्हा अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करण्यास प्रभू सांगतो. चूक कोणाची होती, हे तेथे विचारलेले नाही. प्रार्थनेतला आपला कोरडेपणा याच कारणाने आला, असा निवाडा मी पत्रावरून देणार नाही, कारण तो पाळीच्या कामाच्या थकव्यानेही येतो. वाटणीतला हक्क सोडून द्यावा, असेही माझे म्हणणे नाही. तो कागदपत्रांचा प्रश्न असून त्यासाठी वकील आणि घरातली वडीलधारी मंडळी आहेत. वचनाप्रमाणे वागून पाहण्याची जागा शोधत आपल्याला लांब जावे लागणार नाही, एवढेच मी सांगतो.

दीड महिन्यात हिशेब मांडण्याची घाईही नको. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याची आणि जातिभेदाची गाठ मनातून कशी सुटत गेली, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिले आहे, त्यात मोठ्या साक्षात्कारांपेक्षा चूल, पाणी आणि जेवणाची पंगत यांच्याच गोष्टी अधिक आहेत.

प्रार्थनेसाठी सकाळची पंधरा मिनिटे पुरेत. शब्द सुचत नसतील, तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले उसने घ्यावेत. 150 स्तोत्रांपैकी कित्येक उघडउघड तक्रारीची आहेत. तेरावे स्तोत्र तर सुरुवातीलाच, आणखी किती काळ, असे देवाला चार वेळा विचारते. ते मोठ्याने वाचावे, आणि त्या दिवशी आणखी काही बोलवले नाही, तरी उठावे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी भावाला फोन करावा. पहिल्या फोनमध्ये घराचा विषय काढू नये. वहिनींची आणि मुलांची विचारपूस करून थांबावे. त्यांनी फोन उचलला नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करावा.