'लक्षणीय' की 'सार्थ'? पी व्हॅल्यूचा घोळ

ताई, तुम्ही विचारलंय की मेडिकलच्या थिसिसचा मराठी सारांश लिहितांना 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट'ला (म्हणजे निव्वळ योगायोगानं सहसा न येणाऱ्या निकालाला) 'लक्षणीय' चालेल का, अन हायपोथिसिस म्हणजे गृहीतकच ना. मला विचाराल तर दोन्ही नको.

'केळीच्या भावात लक्षणीय वाढ' म्हटलं की रावेरच्या शेतकऱ्याला वाढ मोठी आहे असंच वाटणार. पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतांना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता; ती ०.०५ च्या खाली गेली की सहसा निकाल सिग्निफिकंट म्हणतात. फरक मोठा की लहान, ते तिला कळत नाही. समजा नव्या गोळीनं बीपी जुनीपेक्षा सरासरी १ मि.मी.नंच जास्त उतरलं पण पेशंट वीस हजार घेतले, तर पी ०.००१ च्याही खाली जाऊ शकते, पेशंटला मात्र काडीचा फरक नाही. म्हणून 'सार्थ' बरा, शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत 'सार्थकता स्तर' चालतोच.

गृहीतक म्हणजे धरून चाललेलं, ते कोणी तपासत बसत नाही. तपासायला मांडली ती परिकल्पना.

आता माझी मावशी. तिचं म्हणणं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत अन गॅसवरचं, तिला डोळे झाकून कळतं. ठीक आहे भो, आठ वाट्या ठेवा, चार ह्या चार त्या, सरमिसळ करून, अन चार-चार आहेत एवढंच तिला सांगा. 'तिला काही कळत नाही, नुसता अंदाज मारते' ही झाली शून्य परिकल्पना (नल हायपोथिसिस). तसं असेल तर आठही बरोबर यायची शक्यता ७० त १, म्हणजे साधारण ०.०१४, हीच पी. (मूळ किस्सा संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९३५ च्या पुस्तकातला, तिथं दूध आधी की चहा आधी असं होतं, वांगं माझं.) पण यावरून 'मावशी थापा मारते याची शक्यता दीड टक्का' असं म्हणता येत नाही, ही चूक डॉक्टर लोकंही करतात. अंदाज मारते असं आधी धरलं, मग असा निकाल किती दुर्मीळ, एवढंच पी सांगते. ०.०५ ची रेघही फिशरनंच १९२५ मध्ये सोयीची म्हणून धरलेली, देवानं आखलेली नाही.

अन तिची दोन्हीकडची एकेक वाटी चुकली तर? इतपत किंवा याहून बरं जमायची शक्यता ७० त १७, म्हणजे ०.२४. तरी 'तिला कळत नाही हे सिद्ध झालं' लिहू नका, अन थिसिसमध्ये पी अशी मोठी आली तर 'दोन औषधांत फरक नाही हे सिद्ध झालं' हेही नको. शून्य परिकल्पना तिथं निर्दोष ठरत नाही, पुराव्याअभावी सुटते.