उजेड असेपर्यंत बाहेर

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बोलत होतास तेव्हा मागे दोघांचं भांडण चाललं होतं आणि तू दर दोन वाक्यांनी "थांबा रे" म्हणत होतास. सहा वर्षांचा एक, तीन वर्षांचा एक. पाच वाजले की घर डोक्यावर घेतात, महिन्यापूर्वी असं नव्हतं, "पोरांना झालंय काय काका?" असं विचारलंस. आणि मी काही बोलायच्या आत उपायही तूच सांगितलास: मोठ्याला संध्याकाळचा क्लास लावायचा, धाकट्याच्या हातात टॅब्लेट द्यायचा. मी म्हटलं, विचार करून सांगतो. खरं तर विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. पण तेव्हा बोललो असतो तर चिडून बोललो असतो, म्हणून हे पत्र.

पोरांना काहीही झालेलं नाही. दिवस आखडलाय, एवढंच. उन्हाळ्यात ही दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत अंगणात असायची. आता शाळेतून येऊन दप्तर टाकेपर्यंत बाहेर काळोख व्हायला लागतो आणि दिवसभर साठलेली धावपळ चार भिंतींत फुटते. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि दिवस सगळ्यांत झपाट्यानं लहान होतो तो याच सुमाराला. विषुववृत्ताजवळ हे जाणवतही नाही. ४० अंश अक्षांशावर मात्र रोज अडीच मिनिटांहून जास्त उजेड कमी होतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत जवळपास पावणेतीन तास गेलेले असतात. ज्या देशांत शरदात घड्याळ तासभर मागे घेतात तिथे तर एका रात्रीत संध्याकाळ तासानं अलीकडे येते. तीन वर्षांच्या पोराची भूक आणि झोप घड्याळ बघून येत नाही. तो चिडतो, मोठ्याच्या हातातलं ओढतो, मोठा ढकलतो. मग तू ओरडतोस.

म्हणून एकच सांगतो, आणि पत्रभर तेच सांगणार आहे: उजेड असेपर्यंत बाहेर. शाळेतून आले की घरात बसू द्यायचं नाही. दप्तर दारात ठेवायचं, हातात काहीतरी खायला द्यायचं आणि बाहेर पडायचं. अभ्यास, आंघोळ, तुझे फोन, सगळं काळोख पडल्यावर करता येतं. उजेड तेवढा नंतर मिळत नाही.

माझं ऐकायला तुला जड जाईल, कारण तू मला नेहमी पोरांबरोबर फिरणारा बाप म्हणूनच पाहिलंस. त्याआधीची सहा वर्षं तू पाहिलेली नाहीस. मी छापखान्यात बाइंडिंग खात्यात होतो. पुढच्या वर्षाची कॅलेंडरं आणि डायऱ्या छापायचा हंगाम म्हणजे नेमका शरद. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ओव्हरटाइम. सकाळी माझा मोठा मुलगा झोपेत असताना निघायचो, रात्री तो झोपल्यावर यायचो. फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे कागद, दुमडायचे, शिवायचे, कटिंगला लावायचे. लोकांच्या पुढच्या वर्षाचे सगळे दिवस माझ्या हातांखालून जायचे आणि माझ्या पोराचा एकही दिवस मी पाहत नव्हतो. त्याच्या वयाच्या पहिल्या सहा वर्षांतला एकही शरद मला आठवत नाही. कसा आठवणार? मी तिथे नव्हतोच. मोठा झाल्यावर एकदा त्याला विचारलं, लहानपणीचं माझ्याबद्दल काय आठवतं? तो म्हणाला, "शाईचा आणि सरसाचा वास. तुम्ही पांघरूण नीट करायला वाकायचात तेव्हा यायचा." त्यानं ते प्रेमानं सांगितलं. मला पुढे काही विचारवलं नाही.

तो सात वर्षांचा होता, धाकटा तुझ्या धाकट्याएवढाच. ऐन हंगामात मी मालकांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, सकाळी सहाला येतो, पण साडेतीनला सुटणार. नोकरी राहिली. सुपरवायझरची जागा मिळणार होती ती दुसऱ्याला गेली आणि पुन्हा माझ्यापर्यंत कधी आली नाही. घरात त्यावरून बरेच दिवस अबोला होता, घराचा हप्ता डोक्यावर असताना हे काय खूळ, असं तुझ्या काकूचं म्हणणं. तिचं चूक नव्हतं, ओढाताण तिलाच जास्त सोसावी लागली. नातेवाईक अजूनही म्हणतात, संधी दवडली. म्हणोत. आज पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा साडेतीनलाच सुटेन. तुला नोकरी बदलायला सांगत नाहीये. तू घरून काम करतोस, तुझ्या हातात ते पाऊण-एक तास आहेत आणि तू ते टॅब्लेटला देऊन टाकायला निघाला आहेस, म्हणून जीव तुटतो माझा.

आता बाहेर काढायचं म्हणजे काय, तेही सांगतो. सोपं नाही. धाकटा बूट स्वतः घालीन म्हणेल आणि उलट्या पायांत घालेल. घालू दे, दहा मिनिटं जातील. ती त्या तासात धरूनच निघ. जॅकेटवरून वाद घालू नकोस, हातात घेऊन चल. थंडी वाजली की मागेल. दोघांचा वेग कधीच जुळत नाही हे पक्कं समज. धाकटा प्रत्येक दगडाशी थांबतो, मोठ्याला तोवर कंटाळा येतो आणि तो त्याची खोडी काढतो. माझा उपाय असा होता: मोठ्याला पुढचं झाड दाखवायचं, "तिथपर्यंत पळ, हात लाव, परत ये." तो पळत राहतो, धाकटा थांबत राहतो आणि आपण मधे चालत राहतो. काठ्या दोन घ्यायच्या. एक काठी म्हणजे भांडण ठरलेलंच. टोक जमिनीकडे, एवढा एकच नियम. खिसे दगडांनी आणि बियांनी भरतील. रिकामे करायची घाई नको, धुवायला टाकताना मात्र बघ.

त्यांना काही शिकवायच्या मागे लागू नकोस. पण विचारलं तर नीट उत्तर दे, ही चूक मी केली आहे. ज्या रविवारी मी घरी असायचो त्यातल्या एका रविवारी मोठ्यानं विचारलं होतं, पान का पडलं? मी म्हटलं, वाऱ्यानं. तो म्हणाला, वारा तर नाहीये. मी म्हटलं, चल पटकन. वारा खरंच नव्हता. झाडच पान सोडतं. दिवस लहान झाला की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, पानाचा पुरवठा हळूहळू बंद होतो आणि देठ तिथून सुटतो. हिरवं द्रव्य मोडून जातं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्या दिवसांत नव्यानं तयार होतो. हे मला धाकट्याच्या वेळी कळलं, त्याला दाखवलंसुद्धा, गळलेल्या पानाच्या देठाचं गुळगुळीत टोक बोटानं चाचपून. मोठ्याला ते कुणी दाखवलं नाही. त्याचं त्यानं कुठेतरी वाचलं असेल.

सर्दीचं म्हणालास. बाहेर नेलं की नाक गळतं म्हणून तू घाबरतोस. सर्दी विषाणूनं होते, आणि विषाणू पसरायला बंद खोल्या आणि भरलेले वर्गच जास्त सोयीचे. शाळेत जायला लागलेल्या लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि दोघं असली की एकाची दुसऱ्याला. ताप असेल, श्वास जोरजोरात चालत असेल, तर घरी थांब आणि डॉक्टरांना दाखव. नुसतं नाक वाहत असेल तर रुमाल घे आणि बाहेर चल. उजेड असेपर्यंत बाहेर.

तुला कागदावरचं काही हवं असतं, तेही आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांमध्ये पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हेच प्रमाण ३९ टक्क्यांहून जास्त होतं. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. मी साडेतीनला सुटू लागलो तेव्हा असलं काही माझ्या हाताशी नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की बाहेरून आलेली पोरं मुकाट्यानं जेवतात आणि आडवी पडतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२. ती झोप दामटून येत नाही, दमूनच येते. तेव्हा मला आळशी म्हणणाऱ्यांना हे दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. असो. तो राग अजून गेलेला नाही, तुला कशाला दाखवू.

आणि क्लास. मोठ्याला गाणं आवडतं, शिकू दे, पण शनिवारी सकाळी लाव. त्याला संध्याकाळी उचलून नेलंस तर धाकट्याचा सोबती जाईल आणि मोठ्याचा उजेड. ही दोघं भांडतात म्हणून त्यांना वेगळं करायला बघतोस, पण झाडाखाली सोडलीस तर तासाभरात पाच वेळा भांडून सहा वेळा एक होतील. माझ्या दोघांमध्ये चार वर्षांचं अंतर. मोठा सात वर्षांचा होईपर्यंत ती दोघं एकत्र खेळल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी पानांच्या ढिगात धाकट्याला पुरून मोठा त्याला "शोधत" फिरायचा, रोज, तोच खेळ. आजही एकमेकांना फोन करतात ते बहुतेक संध्याकाळीच.

काल रात्री हे अर्ध्यावर ठेवलं, सकाळी पुन्हा वाचलं. जरा जास्तच ताणून लिहिलंय. एकही ओळ खोडणार नाही. तुझं काम आहे, थकवा आहे, मला कळतं. सगळेच दिवस जमणार नाहीत. आठवड्यातले चार जमले तरी चालतील, पण त्या चार दिवशी फोन घरी ठेवून निघ.

आज तुमच्याकडे सूर्य किती वाजता मावळतो ते बघ. त्याच्या तासभर आधीचा गजर लाव आणि वाजला की पोरांचे बूट दारात आणून ठेव. धाकट्याला आजपासूनच स्वतः घालू दे. पहिल्या दिवशी किती मिनिटं लागली ते मला कळव.

तुझा,
काका