आयफोन व्हेरायझनवर यायला २०११ का उजाडलं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेत आयफोन सुरुवातीला फक्त एटी अँड टी या मोबाइल कंपनीकडेच का मिळायचा, तिची स्पर्धक व्हेरायझनकडे यायला २०११ का उजाडलं, आणि मावशींनी तेव्हा तिकडून पाठवलेला व्हेरायझनचा आयफोन ४ आज इथे चालेल का. त्या वर्षांत मी न्यू जर्सीत मोबाइल नेटवर्कच्या चाचणीचं काम करत होतो, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टींवर जरा सविस्तर लिहितो.

तांत्रिक अडचण होती, पण ती सुटण्यातली होती. खरी रस्सीखेच फोन कुणाच्या ताब्यात राहणार यावरून होती.

आज आपण फोन एकीकडून घेतो आणि सिम दुसरीकडून. अमेरिकेत त्या काळी बहुतेक ग्राहक मोबाइल कंपनीच्याच दुकानात जायचे, दोन वर्षांच्या करारावर सही करायचे आणि सवलतीतला फोन घेऊन बाहेर पडायचे. फोनवर नाव मोटोरोलाचं असो की एलजीचं, आत काय असेल ते ठरवायची सेवा देणारी कंपनी. मेनू कसा दिसेल, रिंगटोन कुठून विकत घ्यावी लागेल, फोटो फोनबाहेर कसा काढता येईल, सगळं तीच ठरवणार. व्हेरायझनचा हात यात फार कडक होता. मोटोरोलाच्या व्ही७१० या फोनमध्ये ब्लूटूथ होतं, पण त्यावरून फाइल पाठवण्याची सोय व्हेरायझनने बंद करून ठेवली होती. त्यावरून ग्राहक कोर्टात गेले होते.

अशा कंपनीकडे अ‍ॅपलने आपला प्रस्ताव नेला, आणि व्हेरायझनने नकार दिला. हे जानेवारी २००७मध्ये खुद्द व्हेरायझनच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं. अ‍ॅपलला ग्राहकाच्या महिन्याच्या बिलातला वाटा हवा होता, आणि फोन कुठे विकला जाईल, बिघडला तर काय करायचं, हेही आपल्याच हातात हवं होतं. तोवर एकही फोन न विकलेल्या कंपनीच्या या अटी होत्या. त्या दिवशी व्हेरायझनच्या टेबलावर मी असतो तर मीही कदाचित नाहीच म्हटलं असतं, म्हणून त्या नकाराला मूर्खपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

सिंग्युलरची गरज वेगळी होती. ही कंपनी पुढे एटी अँड टी या नावाने ओळखली जाऊ लागली. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने आयफोन दाखवला तेव्हा सिंग्युलरचे प्रमुख स्टॅन सिगमन मंचावर आले होते. त्यांनी बरंच काही सोडलं होतं. फोनवर कंपनीचा लोगो नाही, कंपनीची अ‍ॅप नाहीत, जोडणी घरबसल्या आयट्यून्समधून, आणि व्हॉइसमेल म्हणजे रेकॉर्ड केलेले निरोप यादीतून निवडून ऐकता यावेत म्हणून स्वतःच्या यंत्रणेत बदल. पहिल्या वर्षी तर बिलातला वाटाही अ‍ॅपलला जायचा. २००८मध्ये आयफोन ३जी आला तेव्हा ती पद्धत गेली आणि नेहमीसारखी सवलत आली. या सगळ्याच्या बदल्यात सिंग्युलरने एकच मागितलं: अमेरिकेत हा फोन दुसऱ्या कुणाकडे मिळता कामा नये. पुढे एका खटल्याच्या कागदपत्रांतून या मक्तेदारीचा पाच वर्षांचा आकडा बाहेर आला. प्रत्यक्षात ती २९ जून २००७ ते १० फेब्रुवारी २०११ एवढी टिकली, म्हणजे चार वर्षंही भरली नाहीत.

आता तांत्रिक भाग. जीएसएम आणि सीडीएमए ही मोबाइल नेटवर्कची दोन वेगळी, एकमेकांशी न जुळणारी तंत्रं. एटी अँड टी जीएसएमच्या घराण्यातली आणि व्हेरायझन सीडीएमएच्या. युरोप आणि जवळजवळ सगळं जग जीएसएमवर असल्यामुळे अ‍ॅपलने पहिला फोन जीएसएमवर काढला यात नवल नाही. एकच मॉडेल सगळीकडे विकता येतं. व्हेरायझनच्या सीडीएमए फोनमध्ये सिम कार्डच नसायचं, हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक कंपनीच्या यादीत असेल तरच तो चालायचा. आपल्याकडे रिलायन्सने २००३च्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून घेऊन जे फोन दिले होते ते याच जातीचे. ज्यांनी ते वापरले त्यांना आठवत असेल, नेटवर्क आवडलं नाही म्हणून कार्ड काढून दुसरं घालायची सोयच नव्हती.

सीडीएमएची दुसरी अडचण म्हणजे बोलणं चालू असताना इंटरनेट बंद. एटी अँड टीच्या जाहिरातींत यावर फार जोर असायचा. पण गंमत अशी की व्हेरायझनची ही उणीव आणि तिचं बळ एकाच रचनेतून आलं होतं, आणि हे मला आमच्या कामातून समजलं.

आमच्या कामाला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेले हँडसेट, टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएसचा अँटेना. एक हँडसेट सारखा कॉल लावतो आणि तोडतो, दुसरा फाइल उतरवत राहतो, आणि पडद्यावरच्या नकाशावर गाडीमागे हिरवे, पिवळे, लाल ठिपके पडत जातात. जर्सी सिटी आणि होबोकेनच्या गल्ल्या अशा किती वेळा पालथ्या घातल्या असतील सांगता येत नाही. ३जी नेटवर्कवर तिथे एक चित्र पुन्हा पुन्हा दिसायचं: सिग्नलची ताकद उत्तम, ठिपका हिरवा, आणि त्याच जागी गुणवत्तेचा ठिपका लालभडक. म्हणजे ग्राहकाच्या फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या आणि कॉल काही लागत नाही.

याचं कारण असं. ३जीमध्ये एका टॉवरवरचे सगळे जण एकच फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वापरतात. प्रत्येकाचा सिग्नल दुसऱ्यासाठी गोंगाट असतो. गर्दी वाढली की गोंगाट वाढतो आणि टॉवरची पोच आपोआप आखडते. सकाळी ज्या खिडकीत फोन व्यवस्थित लागतो तिथेच संध्याकाळी कॉल तुटतो. आमच्यात याला सेल ब्रीदिंग म्हणतात. एटी अँड टीने जे तंत्र घेतलं होतं त्यात बोलणं आणि डेटा एकाच पाच मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. म्हणून दोन्ही एकदम करता यायचं, आणि म्हणूनच शेजारच्याने व्हिडिओ लावला की त्याचा भार तुमच्या कॉलवरही पडायचा. व्हेरायझनकडे डेटासाठी वेगळा पट्टा आणि बोलण्यासाठी वेगळा. दोन्ही एकदम नाही, पण डेटाची कितीही गर्दी झाली तरी बोलण्याला धक्का नाही.

त्यात स्मार्टफोनची आणखी एक खोड होती. बॅटरी वाचावी म्हणून ते काम झालं की लगेच नेटवर्कपासून सुटे व्हायचे आणि मेल बघायला पुन्हा जोडले जायचे. दर वेळी टॉवरशी निरोपांची देवघेव. माहिती चार ओळींची, पण त्यासाठी होणारी ये-जा मोठी. नेटवर्कची आखणी करताना लोक किती बोलतील याचा हिशेब होता, फोन स्वतःहून दिवसभर टॉवरशी किती बोलेल याचा नव्हता.

म्हणून न्यू यॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत एटी अँड टीची जी बदनामी झाली ती निव्वळ हलगर्जीपणातून झाली असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २००९मध्ये कंपनीचे राल्फ डी ला व्हेगा यांनी जाहीरपणे मान्य केलं की या दोन शहरांतली सेवा कंपनीच्या स्वतःच्या निकषांवरही उतरत नाही, आणि स्मार्टफोनवाल्यांपैकी ३ टक्के ग्राहक ४० टक्के डेटा वापरतात. जून २०१०मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद झाला: २५ डॉलरला २ जीबी, १५ डॉलरला २०० एमबी. तेवढेच आयफोन व्हेरायझनवर असते तर तिचीही दमछाक झाली असती, फक्त कॉल कमी तुटले असते.

पण ग्राहकाला हे सगळं कशाला कळावं? त्याला एवढंच दिसत होतं की हवा तो फोन आणि हवं ते नेटवर्क एकत्र मिळत नाही. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. पाचशे-सहाशे डॉलरची वस्तू माणसाने घेतली, तर ती कोणत्या टॉवरशी जोडायची हे त्याने ठरवायला हवं. जर्मनीत २००७मध्ये कोर्टात तक्रार गेल्यावर तिथे आयफोन विकणाऱ्या टी-मोबाइलला काही काळ कुलूप नसलेला, म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम चालणारा आयफोन विकावा लागला होता, तोही ९९९ युरोला. कुलूप काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं, हे यातूनच दिसतं.

व्हेरायझन दरम्यान गप्प बसली नव्हती. २००९च्या शेवटी तिने मोटोरोलाचा ड्रॉइड हा स्मार्टफोन आणला आणि दोन्ही कंपन्यांचे ३जी नकाशे शेजारी शेजारी दाखवणाऱ्या जाहिराती केल्या. एटी अँड टी त्यावर कोर्टात गेली आणि महिन्याभरात तिने खटला मागे घेतला. मग व्हेरायझनवर आयफोन येणार अशी बातमी दर दोन महिन्यांनी उठायची आणि विरायची. शेवटी ११ जानेवारी २०११ रोजी न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये व्हेरायझनचे लोवेल मॅकअ‍ॅडम आणि अ‍ॅपलचे टिम कुक यांनी ती घोषणा केली. किंमत तीच, १६ जीबीचा १९९.९९ डॉलर, दोन वर्षांच्या करारावर. १० फेब्रुवारीला दुकानांत. वर फोनचा हॉटस्पॉट करून पाच उपकरणं जोडायची सोय, जी एटी अँड टीच्या आयफोनवर तोवर नव्हती.

लोकांनी खरंच कंपनी बदलली का? अपेक्षेपेक्षा खूप कमी. मार्चअखेरपर्यंत व्हेरायझनने २२ लाख आयफोन विकले, आणि त्याच तिमाहीत एटी अँड टीवर ३६ लाख आयफोन सुरू झाले. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या माझ्या ओळखीच्या घरांत हे जवळून पाहिलं. नवरा, बायको आणि कॉलेजातली मुलं सगळी एका फॅमिली प्लॅनवर, प्रत्येकाच्या कराराची तारीख वेगळी. करार मोडायचा दंड जून २०१०पासून स्मार्टफोनला ३२५ डॉलर झाला होता, दर महिन्याला दहा-दहाने उतरणारा. चार जणांचा हिशेब मांडला की उत्साह संपायचा. ज्यांच्याकडे जुना अमर्याद डेटा होता त्यांना तो सोडवत नव्हता. शिवाय आयफोन ४ तोवर आठ महिने जुना झालेला, आणि व्हेरायझनने डिसेंबर २०१०मध्येच एलटीई म्हणजे ४जी सुरू केलेलं असताना हा फोन मात्र ३जीचाच.

तरी पर्याय आल्याचा फायदा जागेवर बसलेल्यांनाही झाला, आणि माझ्या लेखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे. घोषणेच्या तोंडावर एटी अँड टीने जुना आयफोन ३जीएस ४९ डॉलरवर आणला. व्हेरायझनचा फोन दुकानांत आला त्याच दिवसापासून अमर्याद मेसेजिंगवाल्यांना कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवर बोलणं फुकट केलं. साडेतीन वर्षं ग्राहक तक्रारी करत होते, तेव्हा यातलं काही सुचलं नव्हतं. ऑक्टोबर २०११मध्ये आयफोन ४एस स्प्रिंट या आणखी एका कंपनीकडेही गेला, आणि त्या एकाच मॉडेलमध्ये जीएसएम व सीडीएमए दोन्ही होतं. अमेरिकेतल्या टी-मोबाइलला मात्र एप्रिल २०१३पर्यंत थांबावं लागलं.

कुलूप निघण्यात एका सरकारी अटीचाही हात आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. व्हेरायझनने २००८च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा जो सी ब्लॉक नावाचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा घेतला, त्यावर अमेरिकी नियामकाने अट घातली होती की त्यावर चालणारे फोन कुलूपबंद करता येणार नाहीत. म्हणून २०१२चा व्हेरायझनचा आयफोन ५ घेऊन लोक भारतात आले आणि इथलं सिम घालून तो लगेच चालला. नियम नीट लिहिला तर काय होतं याचं हे मला फार आवडणारं उदाहरण आहे.

आता मावशींचा फोन. मागच्या काचेवर बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक आहे. तो ए१३४९ असेल तर हा सीडीएमए आयफोन ४. त्याच्या उजव्या कडेला सिमचा ट्रे नसतो आणि धातूच्या पट्टीवर चार काळ्या रेघा असतात. जीएसएमवाल्या ए१३३२वर तीन. सिमच घालता येत नाही, त्यामुळे इथलं सिम घालून तो वापरता येणार नाही. आता तर व्हेरायझनचं सीडीएमएही २०२२च्या अखेरीस बंद झालं आणि आपल्याकडचंही गेलं. वाय-फायवर सुरू होईल, पण आयओएस ७.१.२च्या पुढे जात नाही, त्यामुळे आजची बहुतेक अ‍ॅप त्यावर चढणार नाहीत. गाणी ऐकायला आणि फोटो बघायला ठीक.

मात्र चार्ज करण्याआधी मागची काच उचलली गेल्यासारखी दिसते का ते पाहा. तशी दिसली तर बॅटरी फुगली आहे, चार्जरला लावू नका, आधी दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. सुरू झाला तर जुनी ३० पिनांची रुंद केबल शोधून मावशींचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवा, आणि त्यांचा अ‍ॅपल आयडी व पासवर्ड हाती असल्याशिवाय फोन रीसेट करू नका, नाहीतर तो पुन्हा सुरू करताना अडकू शकतो.