शहीद पोलिसाचा मान कसा राखावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

21 ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन जवळ आला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी बदल्या, निवृत्तिवेतन, सेवापुस्तकातल्या नोंदी असे विषय असतात. या दिवसांत मात्र गेलेल्या माणसांबद्दल विचारलं जातं. पोलीस कल्याण शाखेत नोकरी केल्यामुळे अशा बऱ्याच घरांत मी गेलो आहे. त्या अनुभवातून एक सांगतो. मानाचं काहीही ठरवण्याआधी घरच्यांना विचारा, आणि जे कराल ते पुढच्या वर्षीही करता येईल असं करा.

प्रश्न : आमच्या गावचा पोलीस शिपाई गडचिरोलीत शहीद झाला. ग्रामपंचायतीला मुख्य चौकात त्याचा पुतळा उभारायचा आहे. तरुण मंडळ प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स लावणार आहे. काय काळजी घ्यावी? (एक सरपंच)

पुतळ्याचं आधी बोलू. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागा इथे पुतळे किंवा बांधकामं करायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी दिला आहे. म्हणजे चौकाच्या मधोमध पुतळा हा बेत तिथेच अडतो. दुसऱ्या जागेसाठीही जिल्हा प्रशासनाच्या परवानगीशिवाय पाया खणू नका. परवानगी नसलेला चौथरा पुढे अतिक्रमण ठरला, तर नोटीस ग्रामपंचायतीला येईल आणि पेपरात नाव मात्र त्या पोराचं छापून येईल. त्याच्या आईने ते का वाचावं?

त्यापेक्षा शाळेची खोली, वाचनालय, व्यायामशाळा किंवा भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचं मैदान, यापैकी एकाला ग्रामसभेत रीतसर ठराव करून त्याचं नाव द्या. तिथे दगडी फलक लावा आणि फलकावरचा मजकूर नीट लिहा. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच घोडं अडतं. ‘वीर जवान अमर रहे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली देणगीदारांची लांबलचक यादी. दहा वर्षांनी तिथे उभ्या राहिलेल्या मुलाला त्यातून काय कळणार? संपूर्ण नाव, हुद्दा, बक्कल नंबर, कुठल्या दलात किंवा पोलीस ठाण्यात नेमणूक होती, कुठे आणि कोणत्या तारखेला गेला, आणि त्या दिवशी त्याने काय केलं हे दोन-तीन साध्या वाक्यांत लिहा.

तुकाराम ओंबळे यांचं उदाहरण घ्या. ‘शूर’ म्हटल्याने त्यांच्याबद्दल फारसं कळत नाही. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस. सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आलेला. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात फक्त लाठी असताना या सहायक फौजदाराने कसाबच्या एके-47 ची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला. 2009 मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला 2021 मध्ये संशोधकांनी त्यांच्यावरून ‘तुकारामी’ असं नाव दिलं. चौपाटीवर त्यांनी काय केलं हे तपशिलाने सांगितलं गेलं, म्हणूनच आज इतकी माणसं त्यांना ओळखतात.

तुमच्या शिपायाबद्दलचा असा तपशील पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज केला तर मिळेल. ऐकीव गोष्टी फलकावर चढवू नका. फ्लेक्सबद्दल एवढंच सांगतो की, त्यावर शहिदापेक्षा नेत्यांचे आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असतील तर तो लावूच नका.

प्रश्न : अंत्ययात्रेत पार्थिवावर तिरंगा घालायचा अधिकार कुणाला? फोटोखाली तिरंग्याची पट्टी छापली तर चालते का?

कुणीही आपल्या मनाने तिरंगा पांघरू शकत नाही. राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा आणि 2002 ची ध्वजसंहिता यांनुसार राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून फक्त शासकीय इतमामातल्या आणि सशस्त्र किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच वापरता येतो. त्यामुळे आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाशी बोला. ध्वज तेच आणतात आणि विधीही त्यांचेच लोक करतात. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. चितेला अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी ध्वज काढतात. तो जाळायचा नसतो, मातीतही जाऊ द्यायचा नसतो. घडी घातलेला ध्वज पत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती दिला जातो, त्या वेळी त्यांच्याभोवती मोबाइल घेऊन गराडा घालू नका.

राष्ट्रध्वजावर कोणतीही अक्षरं लिहायला मनाई आहे, त्यामुळे खऱ्या ध्वजावर नाव किंवा चेहरा छापणं सरळ बेकायदा. फोटोखाली तीन रंगांची पट्टीही मी टाळायला सांगेन, कारण चार दिवसांनी तो कागद गटाराच्या कडेला पडलेला असतो. फलकाच्या किंवा पुतळ्याच्या अनावरणासाठी पडदा म्हणूनही तिरंगा वापरता येत नाही. साधं पांढरं कापड घ्या.

प्रश्न : शाळेत 21 ऑक्टोबरला कार्यक्रम घ्यायचा आहे. मुलांना हा दिवस कसा समजावून सांगू? झेंडा अर्ध्यावर उतरवायचा का? (एक शिक्षिका)

झेंडा उतरवू नका. राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणण्याचा निर्णय सरकारचा असतो, शाळेचा नसतो.

मुलांना गोष्ट सांगा. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्स नावाची जागा आहे. 1959 साली तिथल्या सीमेवर पोलीस दलांचे जवान पहारा देत होते. 20 ऑक्टोबरला टेहळणीसाठी तीन तुकड्या बाहेर पडल्या. दोन परतल्या. तिसऱ्या तुकडीत दोन शिपाई आणि एक हमाल होता, ते तिघं परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी करमसिंग या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली वीसेक जण त्यांना शोधायला निघाले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. दहा जवान गेले, काही जण पकडले गेले. मृतदेह ताब्यात मिळायला 13 नोव्हेंबर उजाडला. पुढे जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या वार्षिक परिषदेत 21 ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचं ठरलं.

ही माणसं आपल्या हरवलेल्या सोबत्यांना शोधायला गेली होती, एवढं मुलांपर्यंत पोचलं तरी तुमचा तास सार्थकी लागला.

जमलं तर वरच्या वर्गातल्या मुलांना जिल्हा पोलीस मुख्यालयातल्या स्मृतिदिनाच्या परेडला न्या. राखीव पोलीस निरीक्षकांकडे आधी चौकशी करून परवानगी घ्या. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो तेव्हा जवान बंदूक उलटी करतात, नळीचं टोक डाव्या बुटावर टेकवतात, दोन्ही हात दस्त्यावर ठेवतात आणि मान खाली घालतात. मग बिगुल वाजतं. आदल्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून यंदाच्या 31 ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. यादी मोठी असते, मुलं चुळबुळ करतील. करू द्या, पण मध्येच उठवू नका. एकही नाव न गाळता वाचणं हेच त्या परेडचं मोल आहे.

सहल दिल्लीला जाणार असेल तर चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय पोलीस स्मारक दाखवा. 2018 च्या 21 ऑक्टोबरला त्याचं लोकार्पण झालं. तीस फूट उंचीची अखंड ग्रॅनाइटची शिळा आहे, आणि भिंतीवर स्वातंत्र्यापासूनच्या शहिदांची नावं कोरली आहेत. लोकार्पणाच्या वेळी ती 34,844 होती. आपल्या जिल्ह्यातलं एक तरी नाव मुलांना तिथे शोधायला लावा.

प्रश्न : माझा भाऊ महामार्गावर रात्रीच्या बंदोबस्तात होता, भरधाव ट्रकने उडवलं. लोक म्हणतात, “गोळी लागून गेला असता तर शहीद.” हे ऐकून आई आतून तुटते. आम्ही काय समजायचं?

तुमचा भाऊ कर्तव्य बजावताना गेला, आणि तुमच्या आईने मान वर करूनच हे सांगावं. अतिरेक्यांशी किंवा नक्षलवाद्यांशी लढताना मृत्यू झाला की नेमून दिलेलं काम करताना अपघाताने झाला, यावर सानुग्रह अनुदान आणि इतर लाभ ठरतात. तो हिशेब सरकारी आहे. घरातून गेलेल्या माणसाचं मोल त्याने बदलत नाही.

विलास शिंदे हे मुंबईचे वाहतूक हवालदार. ऑगस्ट 2016 मध्ये खारला त्यांनी हेल्मेटविना दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. तेवढ्यावरून त्यांच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि 31 ऑगस्टला ते गेले. ना अतिरेकी होता, ना चकमक. भर दिवसा रस्त्यावरचं रोजचं काम होतं. करोनाच्या साथीत महाराष्ट्राचे कितीतरी पोलीस गेले, तेही नाकाबंदीवर उभे राहूनच. पोलिसाचा जीव बहुतेक वेळा अशाच साध्या ड्यूटीवर धोक्यात असतो.

तुम्ही एक काम करा. त्या रात्रीची ड्यूटी लावल्याची पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद, एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम अहवाल यांच्या प्रती मिळवून ठेवा. मृत्यू कर्तव्यावर झाला हे कागदावर पक्कं असेल तर पुढची लढाई सोपी जाते.

प्रश्न : शेजारच्या वहिनींचे यजमान पोलीस होते, दोन वर्षांपूर्वी चकमकीत गेले. 26 जानेवारीला त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतात, पण सोसायटीच्या हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. मला फार खटकतं. मी एकटी काय करू?

तुम्हाला खटकलं याबद्दल मी तुमचा आभारी आहे. आलेल्या पत्रांपैकी मला सर्वांत जास्त छळलं ते या पत्राने.

‘वीरपत्नी’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि संक्रांतीला तिच्या दारावरून पुढे जायचं, हा तिचा अपमान आहे, आणि तिच्या नवऱ्याचाही. हे मी मवाळपणे लिहू शकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात होणार नाही, असं ठरवलं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. एक खेडं हे करू शकतं, तर तुमच्या सोसायटीला काय अडचण आहे?

ठरावाची वाट पाहू नका. यंदाचं हळदीकुंकू तुमच्या घरी ठेवा. वहिनींना आधी एकटीला भेटून विचारा, कारण चारचौघींत अचानक कुंकू पुढे केलं तर त्याच अवघडतील. त्या हो म्हणाल्या तर बाकीच्या बायकांसारखंच बोलवा आणि तसंच वाण द्या. वेगळी आरती नको, भाषण नको. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. एखादी शेजारीण कुरकुरली तर तिला हेरवाडचं सांगा.

आणखी एक. सत्काराच्या दिवशी मुलांना ‘बाबांसारखा पोलीस होणार ना?’ असं विचारायची फार हौस असते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असतो, माइक तोंडासमोर असतो, तो ‘हो’ म्हणतो आणि मंडप टाळ्यांनी दणाणतो. ते थांबवता आलं तर बघा. त्याला जे व्हायचं असेल ते होऊ दे. त्या दिवशी कुणी त्याला गणितात किती मार्क पडले एवढं विचारलं तरी त्याला मोकळं वाटेल.

प्रश्न : शहिदाच्या कुटुंबासाठी आमचं गणेश मंडळ वर्गणी गोळा करणार आहे. पैसे नक्की पोचावेत म्हणून काय करावं?

मंडळाच्या खात्यातून पैसे फिरवू नका. पत्नीच्या आणि आईवडिलांच्या संमतीने थेट त्यांच्या खात्यात भरा. दोघांत कसे वाटायचे हे आधी बोलून घ्या, कारण सासर-माहेरातल्या अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड घरच्यांनी स्वतः दिलेला नसेल तर त्यावर रुपयाही पाठवू नका. शहीद जवान सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय सशस्त्र दलातला असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाचं 2017 पासून सुरू असलेलं ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ आहे, तिथून मदत देता येते. राज्य पोलीस दलातला असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या कल्याण शाखेला विचारा.

मात्र वर्गणीपेक्षा मोठी रक्कम बऱ्याचदा त्या घराच्या स्वतःच्या कागदांत अडकलेली असते. कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी, गटविमा, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज अशी ही यादी लांब आहे. पगाराच्या बँक खात्यासोबत अपघात विमा असेल तर त्याच्या दाव्याला मुदत असते, आणि दुःखाच्या दिवसांत ती कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या मंडळात बँकेत किंवा कोशागारात काम केलेला एखादा निवृत्त गृहस्थ नक्की असेल. त्याला पहिले सहा महिने दर शनिवारी त्या घरी पाठवा. पहिल्याच भेटीत वारस दाखला आणि मृत्यू दाखल्याच्या भरपूर साक्षांकित प्रती करून घ्यायला सांगा, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.