कोकणात पूर किंवा वादळानंतर मदतीला जायचं असेल तर कुणाला विचारायचं? हे इतकं अवघड का असतं?

तुम्ही लिहिलंय की दोनदा जायची तयारी केली, फोन लावले, कुणी काही सांगेना, म्हणून गेलाच नाहीत. ते वाचून राहवलं नाही, कारण अशीच परत गेलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

मी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी गावात शिरलं. माझं घर चढावर, ते वाचलं. माहेर बाजारपेठेच्या मागे. 26 जुलै 2005 च्या पाण्याची खूण तिथे भिंतीवर होती, म्हणून आईने सगळं सामान त्या खुणेच्या वर रचलं होतं. पाणी खुणेच्याही वर गेलं.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उरला. वीज नाही, त्यामुळे पंप नाही, धुवायला पाणी नाही. भिजलेली कापसाची गादी दोन माणसांना उचलत नाही. फुगलेली लाकडी कपाटं दारातून बाहेर निघत नाहीत, फोडावी लागतात. अशा वेळी माणसंच लागतात, हात लागतात.

चौथ्या दिवशी दापोली तालुक्यातून चौदा पोरं टेम्पोने आली. आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळात त्यांच्या वाड्यांतले माड-पोफळी आडवे झाले होते, घरांचे पत्रे उडाले होते. तेव्हा आमच्याकडची माणसं तिथे गेली होती, ते लक्षात ठेवून पोरं आली. फावडी, घमेली, खराटे, दुपारचा डबा, सगळं बरोबर. आळीच्या तोंडाशी माझा थोरला भाऊ उभा होता. तो म्हणाला, "आधी नावं नोंदवून या. अशी अनोळखी माणसं घरात घेता येत नाहीत."

पोरं एका कचेरीत गेली. तिथून दुसरीकडे पाठवलं. तिथले साहेब पाहणीला गेलेले. तिसरीकडे सांगितलं, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या वाटा. बिस्किटांचे खोके तर आमच्याच ओट्यावर भिजत पडले होते. चार वाजता पोरं परत निघाली तेव्हा त्यांच्या फावड्यांना चिखल लागलेला नव्हता. आणि समोरच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या काकू एकट्याच गादी ओढत होत्या.

त्या रात्री दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, बाहेरचे लोक फोटो काढायला येतात, त्यांची जबाबदारी कोण घेणार? माझं म्हणणं, आळीत कुणाकडे काय काम आहे हे आपल्याला माहीत, कचेरीतल्या माणसाला कसं माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीची कोरी वही घेऊन मी घरोघर फिरले. कुणाचं घर, काम काय, माणसं किती हवीत, पंचनामा झाला का, एवढंच लिहिलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तलाठ्याचा पंचनामा व्हायच्या आत सामान बाहेर टाकलं तर नुकसान दाखवायला काही उरत नाही. उत्साहाने आलेली माणसं नेमकं तेच करतात, आधी घर रिकामं करतात. मग टेम्पोवाल्या पोराचा नंबर शोधून त्याला फोन केला, माफी मागितली. त्यातली नऊ जणं परत आली. वहीत नाव, गाव, फोन लिहून घेतला, ओळखपत्राचा फोटो काढला आणि तिघातिघांना घरं वाटून दिली. नोंदणी म्हणतात ती हीच, आळीच्या तोंडाशी पाच मिनिटांत झाली. दोन दिवसांत सतरा घरं उपसून झाली.

म्हणून सांगते, "मदत पाठवा" असं आवाहन दिसलं की लगेच निघू नका. आधी त्या गावातला एक माणूस शोधा, जो सांगेल की अमुक आळीत, अमुक घरी, इतकी माणसं हवीत. ओळखीचं कुणीच नसेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर आहे, पण तिथेही "कुठे येऊ" असं मोघम विचारू नका. "आम्ही सहा जण, दोन दिवस, फावडी आमची, राहायची सोय आमची" असं सांगा. जुने कपडे आणू नका, आमच्याकडे रस्त्यावर त्यांचे ढीग कुजले. आणि पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. विहिरी उपसायच्या, भिजलेली कागदपत्रं वाळवायची, अर्ज भरायचे, ही कामं तेव्हाच असतात. शक्य असेल तर तेव्हा या.

दादाचं एक बरोबर होतं, हे लिहायलाच हवं. दरड कोसळलेल्या ठिकाणी असं उठून जाऊ नये. त्याच 22 जुलैला महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं. 2023 मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तर तिथे पायवाटेनेच चढून जावं लागत होतं. तिथे काम प्रशिक्षण घेतलेल्यांचं. तशी आवड असेल तर स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणारी सरकारची आपदा मित्र योजना आहे, पावसाळ्याच्या आधी चौकशी करा.

पण आळीतल्या चिखलाला प्रशिक्षण लागत नाही, दादा. दर गणपतीत तू हाच विषय काढतोस, म्हणून इथेही लिहिते. या वर्षी मेअखेरीस आळीतल्या प्रत्येक घराचा नंबर वहीत घेतलाय, दुसरं नाव तुझं टाकलंय. मी गावात नसले तर आळीच्या तोंडाशी तू बसायचंस.

आणि तुम्ही येणार असाल तर गमबूट आपल्या मापाचे घेऊन या, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुरानंतर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाणी-चिखलातून होणारा ताप) भीती असते, डॉक्टरांना विचारून आधीच गोळ्या सुरू करा.