पॅकिंग घरीच काप, ब्रेकला हात नको

जुन्या येझदी मोटरसायकलच्या कार्बोरेटरचं पॅकिंग (सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून बसवतात तो कागद) मिळत नाही म्हणून गाडी कोपऱ्यात लावू नकोस रे. अर्ध्या मिलिमीटरचा पॅकिंग पेपर आण, कार्बोरेटरच्या तोंडावर धर आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके दे. कागद आपोआप कापला जातो. भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला. जोरात मारलास तर ॲल्युमिनियमची कड बसलीच! (माझी बसलीय.) पॅकिंगमधून हवा ओढली की टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोल-ऑइल कमी पडतं, पिस्टन जाम होतो. तांब्याचा वॉशर लाल तापवून पाण्यात बुडव, पुन्हा मऊ होतो. बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) हवा तर जुना नमुना घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडे जा, गनमेटलचाच (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) सांग. ब्रेक रॉड, एक्सल मात्र नवाच घे, महिनाभर गाडी उभी राहिली तरी.