क्लिप लावल्यानंतर : ठणका, हलणारे दात आणि न जुळणारा चावा

मुलांच्या दातांना क्लिप कधी लावावी, यावर मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यानंतर प्रश्न आले ते बहुतेक क्लिप लावून बसलेल्यांचेच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीला काल तारा बसवल्या. दवाखान्यातून हसत आली आणि रात्री रडायला लागली. आज भाकरीचा तुकडाही चावता येत नाही. गोळी द्यावी का? हे किती दिवस चालेल? (सांगली)

तार बसवताना फारसं दुखत नाही. काही तासांनी दात आंबल्यासारखे वाटू लागतात, मग ठणका सुरू होतो. पहिले एक-दोन दिवस तो सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात ओसरतो. म्हणजे तुमचं पत्र ठणका ऐन भरात असताना आलेलं आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा, तंतूंचा एक पडदा असतो. तारेचा जोर आला की तो एका बाजूला दबतो, तिथे सूज आणणारी रसायनं तयार होतात, त्या बाजूचं हाड झिजतं आणि विरुद्ध बाजूला नवं भरत जातं. दात सरकतो तो असा. ठणका या सुजेचा असतो. म्हणूनच नुसतं बसल्यावर सोसवतो, पण दातावर दात ठेवला की कळ येते.

गोळी द्यायला हरकत नाही. पॅरासिटामॉल द्या, मात्रा तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेनही दुखणं थांबवतं, पण दात सरकवणाऱ्या रसायनांनाच ते अडवतं, म्हणून रोज घेण्याची वेळ आली तर आम्ही ते टाळतो. एखाद्या गोळीने काही बिघडत नाही. 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात दोन्ही प्रकारच्या गोळ्यांच्या परिणामात स्पष्ट फरक दिसला नव्हता. मग साधी गोळी काय वाईट?

एक युक्ती मात्र मुलींना गोळीपेक्षा आवडते. पहिली तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते आणि तिच्यातल्या काही जाती उष्णतेने ताठ होतात, गारव्याने मऊ पडतात. गार पाण्याचा घोट तोंडात धरला की थोडा वेळ तारेचा जोर कमी होतो. कढत चहाने उलटं होतं. (हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. दातांपर्यंत तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासेन यांनी आणला.) तेव्हा या आठवड्यात आइस्क्रीम मागितलं तर द्या, फक्त नंतर ब्रश करायला लावा.

खायला मऊभात-मेतकूट, पिठलं, उपीट, आमटीत कुस्करलेली भाकरी. सफरचंद, पेरू पुढच्या दातांनी तोडायचे नाहीत, पातळ फोडी करून दाढेने खायचे. चिक्की, ऊस, मक्याचं कणीस, डिंकाचे कडक लाडू हे मात्र तारा निघेपर्यंत बंद. सांगलीकरांना सांगायला वाईट वाटतं, पण बेदाणेही जरा कमी करा. ब्रॅकेटभोवती (दातावर चिकटवलेली, तार धरणारी बारीक चौकट) चिकटून बसले की ब्रशलाही दाद देत नाहीत.

प्रत्येक वेळी तार बदलली की एक-दोन दिवस असंच होईल, पण पहिल्या वेळइतकं बहुधा नाही.

प्रश्न : वय 34. तारा बसवताना डॉक्टरांनी मागच्या दाढांवर निळं सिमेंट लावलं. आता फक्त दोन दाढा टेकतात, बाकी सगळं उघडं. पोळी चावायची तर गाय रवंथ करते तसं वाटतं, मीटिंगमध्ये ‘स’ नीट उमटत नाही. चावा कायमचा असा राहणार का? (हिंजवडी, पुणे)

नाही राहणार. तुमचे वरचे पुढचे दात खालच्यांवर खोल उतरत असावेत. अशा तोंडात खालच्या दातांवर ब्रॅकेट लावला तर पहिल्याच घासाला वरचा दात त्यावर आपटून तो निघून येतो. म्हणून दाढांवर सिमेंटचा उंचवटा देतात. त्याचा दुसरा फायदा असा, की न टेकणाऱ्या दाढा हळूहळू वाढून एकमेकींजवळ येतात आणि खोल चावा उथळ होतो. काही महिन्यांनी डॉक्टर सिमेंट घासून काढतात. थोडं तुमच्या चावण्यानेच झिजलेलं असतं.

पहिले दोन आठवडे कठीण जातात. घास लहान घ्या, जेवणाला दुप्पट वेळ ठेवा. जिभेला नवी जागा सापडायला मराठीतला कोणताही मजकूर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. ‘स’, ‘च’, ‘झ’ बहुतेकांना आठ-पंधरा दिवसांत जमतात.

एका गोष्टीसाठी मात्र थांबू नका. एकाच बाजूची दाढ टेकत असेल आणि दुसरी बाजू हवेत असेल, तर फोन करा. रंगीत कागद चावायला देऊन कुठे उंच आहे ते पाहणं आणि तेवढं घासणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता महिनाभर एका बाजूने चावत राहिलात तर जबड्याचे स्नायू आखडतात. कानापुढे सतत दुखत असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तरीही दाखवा.

प्रश्न : दात वाकडे होते, पण चावा छान बसायचा. दोन्ही बाजूंच्या उपदाढा काढून तारा लावल्या. आठ महिन्यांनी पुढचे दात कडेवर कडा आपटतात, सुळ्यामागे फटी आहेत आणि वरच्या दातांची मधली रेघ खालच्या रेघेशी जुळत नाही. डॉक्टर ‘होईल’ एवढंच म्हणतात. उपचार चुकलाय का? (नाशिक)

तुम्ही जे वर्णन केलंय त्यातलं प्रत्येक लक्षण नीट चाललेल्या उपचारात दिसू शकतं. ‘होईल’ एवढंच सांगणं मात्र मला पटत नाही. तुम्हाला टप्पा सांगायला हवा.

आधी वेडेवाकडे दात एका रांगेत आणतात. दाटीतला दात सरळ व्हायला जागा मागतो, त्यामुळे पुढचे दात थोडे बाहेर कलतात आणि कडेवर कडा येते. मग जागा बंद करायची. एका उपदाढेची जागा साधारण सात मिलिमीटर असते आणि दात महिन्याला सरासरी मिलिमीटरभर सरकतो. हिशेब तुम्हीच करा, आठव्या महिन्यात फटी दिसणारच. दोन्ही बाजूंच्या फटी एकाच वेगाने बंद होत नाहीत, एक सुळा पुढे तर दुसरा मागे असतो. तेवढ्यात मधली रेघ सरकलेली दिसते. ती पुढे रबरांनी जागेवर आणतात. दात थोडे हलतात तेही याच काळात, कारण मुळाभोवतीचा पडदा रुंदावलेला असतो.

‘पूर्वी छान बसायचा’ याबद्दलही एक सांगते. जन्मभर एकाच पद्धतीने चावलेल्या माणसाला तीच पद्धत बरोबर वाटते. आम्ही मात्र वरची पहिली दाढ खालच्या पहिल्या दाढेवर कुठे बसते ते पाहतो. एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये त्यावरून दातांचे तीन वर्ग पाडले आणि आजही केसपेपरवर तेच वर्ग लिहिले जातात. तेव्हा पुढच्या भेटीला जाताना तीन प्रश्न न्या : माझ्या दाढा आज कोणत्या वर्गात आहेत, शेवटी कोणत्या हव्यात, आणि आता जागा बंद करण्याचं काम किती उरलंय? सुरुवातीचे फोटो आणि दातांचे साचे किंवा स्कॅन शेजारी ठेवून दाखवायला सांगा. कोणताही ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा तज्ज्ञ) यावर रागावू नये, आणि रागावलाच तर तेही एक उत्तर आहे.

शंका कधी घ्यावी? तीन-चार महिने ना तार बदलली, ना चेन (फटी ओढून बंद करणारी रबरी साखळी), ना फट कमी झाली. पुढच्या दातांत उभी फट पडून ती वाढत चालली, इतकी की उपीटातली मिरचीसुद्धा दातांनी तुटत नाही. एखादा दात काळपट पडला किंवा हिरडी खाली सरकून मूळ दिसू लागलं. असं काही असेल तर दुसरं मत घ्या, आणि ते दंतवैद्यकात ऑर्थोडॉन्टिक्सची एमडीएस ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांकडून घ्या. मात्र मधेच तारा काढून मोकळं होऊ नका. अर्धवट सरकलेले दात सगळ्यात वाईट जागी थांबतात.

प्रश्न : मुलाला वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायला दिलंय. तो फक्त रात्री लावतो आणि सकाळी जबडा दुखतो म्हणतो. (कोल्हापूर)

फक्त रात्री लावतो म्हणूनच दुखतं. रात्रभर दात एका दिशेला ओढले जातात, दिवसभर परत येतात, आणि दर रात्री पहिला दिवस उजाडतो. दुसरं काही सांगितलेलं नसेल तर हे रबर दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवं, जेवताना आणि ब्रश करताना तेवढं काढायचं. तसं केलं तर दुखणं चार-पाच दिवसांत थांबतं. रबर तोंडात ढिलं पडतं, म्हणून रोज नवं. लवकर व्हावं म्हणून दोन-दोन लावायची नाहीत, मूळ दुखावतं. बऱ्याच कंपन्यांच्या पाकिटांवर प्राण्यांची चित्रं असतात. डॉक्टरांनी दिलेलाच प्राणी वापरायचा, मित्राचा हत्ती उसना घ्यायचा नाही, कारण प्राणी बदलला की जोर बदलतो.

प्रश्न : मागच्या दाढेपाशी तार गालात टोचते, तोंड आलंय. रविवार आहे, दवाखाना बंद. (ठाणे)

फटी बंद होतात तशी तार मागून बाहेर येते, म्हणजे काम चाललंय. आरशासमोर, पेन्सिलीच्या स्वच्छ रबराने टोक दाताकडे दाबून पाहा. नाही दबलं तर दाढ कापसाने कोरडी करा आणि क्लिपसाठी मिळणाऱ्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी त्यावर घट्ट बसवा. ओल्या दातावर मेण टिकत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा. नेलकटरने तार तोडायला जाऊ नका, तुकडा घशात जाऊ शकतो. सोमवारी कापून घ्या.

प्रश्न : मुद्दाम महागाचे, दाताच्या रंगाचे ब्रॅकेट घेतले. दोन दिवसांत पिवळे झाले! (डोंबिवली)

ब्रॅकेट नाही, त्यांवरची पारदर्शक रबरं पिवळी झाली. आमटीतली हळद. पुढच्या भेटीत बदलतील, तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी होतील. राखाडी मागून घ्या.

प्रश्न : दोन वर्षांनी तारा निघाल्या. दात सरळ दिसतात, पण चावताना दाढा नीट भिडत नाहीत. प्रवासात चार दिवस रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला देतात तो) लावला नाही, आता तो घट्ट होतो. (नागपूर)

दाढा भिडायला थोडा वेळ द्या. तारेने धरून ठेवलेले दात ती निघाल्यावर काही महिने अगदी थोडे वर-खाली होत एकमेकांत बसत जातात. रिटेनरचं मात्र तसं नाही. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी रुळायला वर्षभरही लागतं, तोपर्यंत ते दाताला जुन्या जागेकडे खेचतात. घट्ट होतोय पण पूर्ण बसतोय, तर आजपासून दिवसभर लावा, दोन-तीन दिवस दात आंबतील, मग सैल होईल. दात आणि रिटेनर यांच्यात फट दिसत असेल तर चावून बसवू नका, तो तुटेल. डॉक्टरांकडे जा आणि याच आठवड्यात जा. महिना गेला तर नवा रिटेनर, आणि कदाचित पुन्हा काही दिवस तारा.